मटण-मासळीसाठी टिकाऊ व्हॅक्यूम सीलर कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की मुंबईत मासळीचा भावही चढतो आणि घाईही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे पहाटे ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला जाऊन सुरमई, पापलेट, कोलंबी घरात भरून ठेवणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. कुणाकडे बकरी ईदचं मटण एकदम येतं, कुणाकडे गावच्या जत्रेचा वाटा. फ्रीजर गच्च भरतो आणि महिन्याभराने त्यातलं बरंचसं कोरडं, वास येणारं निघतं. चांगली मासळी अशी वाया गेलेली बघवत नाही. व्हॅक्यूम सीलर, म्हणजे पिशवीतली हवा ओढून तिचं तोंड चिकटवणारं मशीन, घ्यायच्या विचारात असलेले शेजारी, नातेवाईक, ओळखीपाळखीचे लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

झिपच्या पिशवीत ठेवतोच की. सीलर खरंच लागतो का?

पंधरा दिवसांत संपणार असेल तर लागत नाही. झिपच्या पिशवीत तुकड्या भरा, तोंड थोडं उघडं ठेवून पिशवी पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवा, पाण्याच्या दाबाने हवा वर निघून जाते, मग झिप लावा. एवढ्याने भागतं.

दोन-तीन महिने ठेवायचं असेल तर मात्र फरक पडतो. फ्रीजरमधली हवा कोरडी असते. मांसाच्या वरच्या थरातला बर्फ वितळल्याशिवाय थेट वाफ होऊन उडून जातो आणि तिथे पांढुरके, चिवट डाग पडतात. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये हे जास्त होतं, कारण बर्फ साचू नये म्हणून आतला हीटर अधूनमधून चालू होतो आणि तापमान खालीवर होत राहतं. शिवाय पिशवीत राहिलेल्या हवेतल्या ऑक्सिजनने चरबी खवट होते. बांगडा, तारली, पेडवे यांच्यात तेल जास्त, म्हणून ते आधी बिघडतात. पिशवी मांसाला घट्ट चिकटलेली असेल तर यातलं फारसं काही होत नाही.

मशीनचे प्रकार कोणते आणि घरासाठी कोणतं?

हातात धरायचं, बॅटरीवर चालणारं छोटं मशीन या कामासाठी घेऊच नका. त्याच्या पिशव्यांना झडपेचं भोक असतं, आणि मासळीचं पाणी त्या झडपेत गेलं की पकड सुटते.

घरगुती वापरात सगळ्यात जास्त दिसतं ते बाहेरून हवा ओढणारं मशीन. पिशवीचं तोंड झाकणाखालच्या खाचेत ठेवायचं, पंप हवा ओढतो, मग तापलेली पट्टी तोंड चिकटवते. याला आतून खडबडीत असलेल्या पिशव्याच लागतात. गुळगुळीत पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात आणि हवा बाहेर यायला वाटच राहत नाही.

तिसरं चेंबर मशीन. यात अख्खी पिशवीच डब्यात ठेवून झाकण लावायचं. पिशवीच्या आतली आणि बाहेरची हवा एकदमच काढली जाते, त्यामुळे पाणी किंवा रस्सा पंपाकडे ओढला जात नाही, आणि साध्या गुळगुळीत, स्वस्त पिशव्या चालतात. पण वजन सहज पंचवीस-तीस किलो असतं. आपल्या स्वयंपाकघरांतल्या ओट्यावर ते मावेल का, हे मोजपट्टी घेऊन बघा. आणखी एक, दाब कमी झाला की पाणी कमी तापमानालाच उकळतं, म्हणून गरम रस्सा चेंबरमध्ये टाकलात तर तो उसळून सांडतो. आधी फ्रिजमध्ये गार करावाच लागतो.

माझं मत असं : चौघांचं घर, जूनआधीचा साठा आणि अधूनमधून रविवारचं मटण एवढंच असेल तर रुंद सीलिंग पट्टीचं, बाहेरून ओढणारं चांगलं मशीन पुरतं. वर्षातून दोनदा अख्खं बोकड वाटून ठेवत असाल किंवा घरून मासळीचा छोटा धंदा करत असाल, तर पैसे साठवून चेंबरच घ्या.

टिकाऊ मशीन ओळखायचं कसं?

या मशीनमध्ये झिजणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. त्या बदलता येतात की नाही, यावरच मशीन किती वर्षं चालेल हे ठरतं.

पहिली सीलिंग पट्टी. आत नायक्रोमची (वीज वाहिली की तापणाऱ्या धातूची) पातळ तार किंवा पट्टी असते आणि तिच्यावर टेफ्लॉनचं कापड. एकामागून एक पिशव्या लावत गेलं की उष्णता साठते, कापड करपतं, सील कुठे जाड, कुठे पातळ उमटतं. सील निदान ३ मिलिमीटर रुंद हवं, किंवा दोन समांतर रेघांचं. टेफ्लॉनचं कापड नुसतं चिकटवलेलं, सोलून बदलता येणारं असावं. ते मशीनच्या सांगाड्यात कायमचं बसवलेलं असेल तर मशीन घेऊ नका.

दुसरा पंप. त्याला मारणारी गोष्ट एकच, आत गेलेलं पाणी. खाचेत पाणी साठायला ट्रे हवा, तो बाहेर काढून धुता यायला हवा आणि त्यात किती पाणी साठलंय ते काम चालू असताना दिसायला हवं. पंप गरम झाला की आपोआप बंद पडणारं मशीन काहींना कटकटीचं वाटतं, पण ती सोय मोटर वाचवते. विश्रांती किती लागते, ते मात्र माहितीपुस्तिकेत वाचा. दोन पिशव्यांमध्ये वीस-तीस सेकंद ठीक आहेत. प्रत्येक पिशवीनंतर मिनिट-दोन मिनिटं थांबा, असं लिहिलं असेल तर दहा किलो मासळीच्या दिवशी ते मशीन तुमची साथ देणार नाही आणि समोरची सुरमई ओट्यावर गरम होत बसेल.

तिसरं झाकणाभोवतीचं रबर किंवा फोम. ते हाताने काढता यावं, धुता यावं आणि सुटं विकत मिळावं. दुकानदाराला सरळ विचारा, 'याचं रबर आणि टेफ्लॉन सुटं द्याल का, आत्ताच?' तो तिथल्या तिथे काढून देत असेल तर एकेक जादा घेऊन ठेवा. 'कंपनीतून मागवावं लागेल' हे उत्तर मिळालं तर ते बहुधा कधीच येणार नाही असं समजा.

दोन्ही हातांनी झाकण दाबून धरावं लागणारी मशीन टाळा. दाब कमीजास्त पडतो आणि सील वाकडं येतं. खटका किंवा दांडा असलेलं झाकण बरं. हवा हवी तेवढीच ओढून मध्येच सील करायचं वेगळं बटणही हवंच, त्याशिवाय नाजूक मासळीचा लगदा होतो.

दुकानात तपासून बघता येतं का?

येतं, आणि बघावंच. मूठ-मूठ सुके वाटाणे घेऊन जा आणि एकामागून एक पाच-सहा पिशव्या लावून बघा. मग पहिली आणि शेवटची पिशवी उजेडासमोर धरा. सील सलग, काचेसारखं पारदर्शक, एका जाडीचं दिसायला हवं. मध्ये दुधाळ ठिपके असतील तर उष्णता कमी पडली आहे, कडा आक्रसून सुरकुतली असेल तर जास्त झाली आहे. सीलमध्ये आडवी चुणी दिसली तर तिथूनच हवा शिरणार. पिशव्या घरी आणा, एका रात्रीनंतर वाटाणे आत खुळखुळायला लागले असतील तर मशीन परत करा. ऑनलाइन मागवलं असेल तर हीच परीक्षा खोकं उघडलं त्याच दिवशी घ्या, परत करायची मुदत उलटायच्या आत.

जाहिरातीत '८० किलोपास्कल', '९० किलोपास्कल' लिहिलेलं असतं. जास्त म्हणजे चांगलं का?

मुंबई समुद्रसपाटीला आहे, इथे हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो. ८० किलोपास्कलचं मशीन त्यातला जवळपास चार-पंचमांश दाब काढतं. घरगुती मासळीला एवढं पुरतं. चेंबर मशीन ९९ टक्क्यांच्या आसपास जातं. साठच्या खालचं घेऊ नका. पण ऐंशी की नव्वद यावर डोकं शिणवण्यापेक्षा सीलच्या रुंदीकडे बघा. ओढलेली हवा बाहेर ठेवायचं काम शेवटी सीलच करतं.

अमेरिकेतून भाऊ मशीन पाठवतोय. चालेल का?

तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. थेट लावलंत तर पहिल्याच दिवशी जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं, पण सुटे भाग आणि पिशव्या कायम तिकडून मागवाव्या लागतील. मागचं लेबल बघा, '२२०-२४०' असेल तरच हो म्हणा.

पैसे किती लागतील?

हलकी मशीन दीड-दोन हजारांपासून दिसतात. रुंद सील, खटक्याचं झाकण आणि सुटे भाग मिळणारं मशीन साधारण त्याच्या तिप्पट-चौपट किमतीत जातं. चेंबर वीस हजारांच्या वरच. पिशव्यांचा खर्च यात धरलेला नाही, आणि तो दरवर्षीचा आहे.

पिशव्या कोणत्या?

नायलॉन आणि पॉलिथिलीनचे थर एकत्र केलेल्या. नायलॉन ऑक्सिजन अडवतं, पॉलिथिलीन वितळून चिकटतं. नुसत्या पॉलिथिलीनच्या पिशवीतून ऑक्सिजन हळूहळू आत जात राहतो, त्यामुळे सील कितीही चांगलं असलं तरी बांगडा खवट होणार. जाडी ८० ते १०० मायक्रॉन असावी, हाडाच्या मटणाला शंभरच. रोल घेतला तर पापलेटच्या मापाने पिशवी कापता येते, वाया कमी जातं. मासळीची वापरलेली पिशवी धुऊन पुन्हा वापरू नका.

मासळी पॅक करायची योग्य रीत कोणती?

बाजारातच साफ करून घ्या. खवलं, कल्ले, आतडी घरी आणूच नका. तुकड्या धुऊन चाळणीत निथळू द्या आणि मग स्वच्छ सुती पंचाने एकेक टिपा. सुरमईच्या तुकडीत मधल्या काट्याला लागून गडद रक्ताची रेघ असते. तिथे अंगठ्याने हलकेच दाबून रक्त काढा आणि पुन्हा टिपा. ते रक्त राहिलं की दोन महिन्यांनी वास तिथूनच सुरू होतो.

नंतर तुकड्या ताटात एकमेकींना न लागता पसरून तास-दीड तास फ्रीजरमध्ये ठेवा. वरून कडक झाल्या की पिशवीत भरा. आता हवा ओढताना पाणी येत नाही, तुकडी चेपत नाही, सील कोरडं राहतं. बाहेरून ओढणाऱ्या मशीनच्या बहुतेक तक्रारी एवढ्याने संपतात. पिशवीच्या तोंडाशी चार बोटं जागा सोडा, आणि भरताना तोंड बाहेरच्या बाजूला दुमडून घ्या, म्हणजे सीलच्या जागेवर ओल लागत नाही.

एका दिवसात सगळा साठा फ्रीजरमध्ये कोंबू नका. घरगुती फ्रीजर दिवसाला तीन-चार किलोच नीट गोठवू शकतो. त्याहून जास्त टाकलं तर आधीचंही मऊ पडतं. पाकिटं एका थरात आडवी ठेवा, गोठल्यावर उभी रचा.

हळद-मीठ लावून पॅक करावं का?

आठवड्याभरात खायचं असेल तर करा. जास्त दिवसांसाठी नको. मीठ पाणी सोडायला लावतं आणि चरबी लवकर खवट करतं. वाटण वेगळं गोठवा.

बोंबील, कोलंबी, खेकडे?

ओल्या बोंबलात पाणी इतकं असतं की व्हॅक्यूममध्ये त्याचं पीठ होतं. आधी पाट्याखाली दाबून पाणी काढा, ताटात पूर्ण गोठवा, मग पॅक करा, आणि तरीही महिन्याभरात संपवा. कोलंबीचं डोकं काढाच, त्याचा काटा पिशवीला भोक पाडतो. खेकडे आणि तिसऱ्या (शिंपल्या) कवचासकट पॅक करू नका.

सुके बोंबील, सुकट, बांगडा यांना मात्र सीलर फार उपयोगी. जुलैत मुंबईची हवा इतकी दमट असते की डब्यातली सुकट आठवड्यात मऊ पडते. मेच्या उन्हात कडकडीत वाळलेली असतानाच पॅक करा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. घरभर वास येत नाही हाही फायदा.

मटणाचं काय वेगळं?

ताजं कापलेलं मटण थेट फ्रीजरमध्ये टाकू नका. कापल्यानंतर काही तास स्नायू आखडलेले असतात. ती अवस्था पूर्ण होण्याआधी गोठवलं तर वितळताना स्नायू जोराने आखडतात, पाणी सुटतं आणि मटण चिवट होतं. मग कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा. मोठे तुकडे झाकून एक दिवस फ्रिजच्या खालच्या, थंड कप्प्यात ठेवा, मग कापा आणि पॅक करा. ईदच्या दिवशी घाईत हेच राहून जातं.

नळी आणि बरगड्यांची टोकं पिशवी फाडतात. टोकावर बटर पेपरची दुहेरी घडी ठेवा. खिमा चपटा थापून भरा, अर्ध्या तासात वितळतो. एका वेळच्या जेवणाला लागेल तेवढंच एका पाकिटात.

हवा काढली म्हणजे फ्रिजमध्ये पंधरा दिवस राहील ना?

नाही. व्हॅक्यूमने जंतू मरत नाहीत. हवेवर जगणारे थांबतात, पण हवेशिवाय वाढणारे तसेच राहतात. त्यांतला सगळ्यात घातक क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. मासळीशी संबंध असलेला त्याचा एक प्रकार ३ अंश सेल्सिअसलाही वाढू शकतो, म्हणजे चांगल्या फ्रिजमध्येही. विष तयार झालं तरी वास येईलच असं नाही. म्हणून पॅक केलेली कच्ची मासळी फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांनाच ठेवायची. आणि वितळवताना पिशवी आधी कापायची, मासे ताटात काढायचे, मग फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचे. बंद पिशवी ओट्यावर ठेवून कामावर जाणं, हे करू नका.

बांगडा, सुरमई, कुपा यांच्याबाबत आणखी एक. हे मासे उन्हात थोडा वेळ राहिले तरी त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते गोठवून किंवा शिजवून जात नाही, आणि अंगावर गांधी, डोकेदुखी, धडधड होते. बाजारात जाताना बर्फाचा डबा न्याच.

नीट पॅक केलेले बांगडा-तारली दोन-तीन महिने, पापलेट-सुरमई पाच-सहा महिने, मटण आठ-दहा महिने चांगलं राहतं.

पाकिटातलं मटण काळपट-जांभळं दिसतंय. बिघडलं का?

नाही. ऑक्सिजन मिळाला नाही की मांसातलं रंगद्रव्य जांभळट दिसतं. पिशवी उघडून वीस-पंचवीस मिनिटं थांबा, लाली परत येते. उघडल्याबरोबर येणारा किंचित कोंदट वासही तेवढ्यात जातो. गेला नाही, किंवा मटण बुळबुळीत लागलं, तर फेका. पाकीट फुगलं असेल तर उघडूनही बघू नका.

गावाकडून रानडुकराचं, सशाचं मांस मिळतं. ते पॅक करता येईल?

करू नका, घेऊही नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि असं मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. ऑनलाइन मोठ्या सीलरच्या वर्णनात शिकारीच्या मांसाचा उल्लेख दिसतो, कारण अमेरिकेत परवाना काढून ठरावीक हंगामात हरणाची शिकार करता येते आणि अख्ख्या हरणाचं मांस लोक घरीच कापून ठेवतात. एका बैठकीत पन्नास-साठ पिशव्या लावायच्या, म्हणून त्या मशीनना रुंद पट्टी आणि दमदार मोटर असते. आपल्याकडे अख्खं बोकड वाटून ठेवणाऱ्या घराची गरज हीच आहे. त्यामुळे ते वर्णन वाचताना विश्रांतीचा वेळ आणि सलग किती पिशव्या, हे दोन मुद्दे उचला.

मुंबईत दुरुस्ती आणि सुटे भाग कुठे मिळतात?

टेफ्लॉनचं कापड आणि नायक्रोमची पट्टी मिळणं अवघड नाही, कारण फरसाणवाल्यांकडच्या पिशवी चिकटवायच्या मशीनलाही हेच लागतं. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास पॅकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत आणि लोहार चाळीत विचारा. जुनी पट्टी सोबत न्या, लांबी-रुंदी अंदाजाने सांगू नका. चेंबर मशीनच्या पंपासाठी नागदेवी रस्त्यावर चौकशी करा. सर्किट बोर्डसाठी लॅमिंग्टन रोड. वॉरंटीत असताना कुणी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, बिल जपून ठेवा.

पावसाळ्यात मशीनची काळजी कशी घ्यायची?

काम संपलं की प्लग काढा, ट्रे आणि रबर साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. मासळीचं पाणी रबराखाली राहिलं तर बुरशी धरते. झाकण खटका लावून ठेवू नका, रबर कायमचं चेपतं आणि मग हवा ओढली जात नाही. खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, म्हणून खिडकीत नाही, कपाटात ठेवा. आणि पावसाळ्यात नुसतं ठेवून देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा चालवा, डाळ-रवा पॅक करायला तरी. चेंबर मशीन तेलाच्या पंपाचं असेल तर तेल दुधाळ दिसताच बदला, त्यात पाणी गेलेलं असतं.

चार बिऱ्हाडांनी मिळून एकच चेंबर मशीन घेतलं तर?

उत्तम कल्पना, फक्त मशीन एकाच घरी पक्कं ठेवा. इतकं वजन जिन्यातून रोज वरखाली नेलं की झाकणाची बिजागरी आधी सुटते. मटणाची आणि मासळीची पाळी वेगळी लावा, मधे चेंबर पुसून घ्या. ज्यांच्या घरी मांसाहार चालत नाही त्यांना डाळींसाठीही हे मशीन वापरायचं नसेल, तर आग्रह करू नका. टेफ्लॉन, रबर आणि तेलाचा खर्च पाकिटांच्या संख्येवर वाटून घ्या, आणि प्रत्येक पाकिटावर घराचं नाव, मासळीचं नाव आणि तारीख मार्करने पिशवी भरायच्या आधी लिहा, गोठलेल्या ओल्या प्लास्टिकवर शाई बसत नाही.